मेस्सी येऊन गेला, मॅच कधी हाय बे?

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचं ठरवलं. मोहिमेचं नाव ‘मिशन वन मिलियन’. पुढच्याच महिन्यात सतरा वर्षांखालच्या पोरांचा विश्वचषक भारतात होता, त्यातले काही सामने नवी मुंबईत होते, त्यामुळे वातावरणनिर्मिती हवी होती. शाळाशाळांत चेंडू पोचले. ज्या शाळेत पीटीच्या तासाला गणिताचे सर येऊन बसतात, तिथेही त्या दिवशी फुटबॉल झाला. हेडमास्तरांनी चेंडूला बूट लावला, कुणीतरी फोटो काढला, फोटो तालुक्याला गेला, तालुक्याचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा मुंबईला. १६ सप्टेंबरला चेंडू कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई निवडणुकीच्या कामावर.

त्या दिवशी सोलापुरात पाचवीत असलेलं एक पोर धरा. वय दहा. पोर कल्पनेतलं आहे, तेव्हा आधार कार्ड मागू नये. त्याने चेंडू मारला आणि त्याला तो आवडला. इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. आता त्याची राष्ट्रीय युवा लीगमधली कारकीर्द बघू.

०००

आधी लीगची ओळख. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ दरवर्षी पोरांची राष्ट्रीय लीग भरवतो. क्लब आणि मान्यताप्राप्त अकादम्या त्यात उतरतात. आधी विभागवार गट, मग त्यातले वरचे संघ अंतिम फेरीला. कागदावर सगळं झकास आहे. आपल्याकडे कागदावर काय वाईट असतं?

लीगच्या वयाची मात्र गंमत आहे. एके काळी ती वीस वर्षांखालच्यांची होती. मग एकोणीस झाली. मग अठरा. पुढे वरचा गट सतरावर आला. जगात प्रत्येकाचं वय वाढत जातं, आपली लीग तेवढी तरुण होत गेली. मधल्या मध्ये जे पोर अठरा वर्षांचं होऊन वाट बघत बसलं होतं, त्याला नव्या नियमाने म्हातारा ठरवलं.

आणि हो, पोराने एकट्याने जाऊन नाव द्यायची सोय नाही. आधी क्लब पाहिजे. क्लबला मान्यता पाहिजे. मान्यतेला मैदान, परवानाधारक प्रशिक्षक, फिजिओ आणि कागदपत्रं पाहिजेत. आमच्या पोराकडे यातलं काय आहे? पाय आहेत.

०००

पोर बारा वर्षांचं झालं. पीटीच्या सरांनी बापाला सांगितलं, “पोरात दम हाय, पुण्याला टाका.” सोलापुरात काहीही चांगलं निघालं की त्याला पुण्याला टाकतात, त्यासाठी सकाळी हुतात्मा एक्सप्रेस आहे.

पण पुण्यात टाकायचं कुठे? पुणे एफसीच्या पोरांनी एके काळी ही राष्ट्रीय युवा लीग जिंकून दाखवली होती. तो क्लब २०१५ला आटोपला. भारत एफसी एक हंगाम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्सची तर थेट लिव्हरपूलशी सोयरीक होती. २०१७नंतर क्लब दिसला नाही, आणि पुढे मालकांचं काय झालं ते ठेवीदारांना विचारा. एफसी पुणे सिटीने पुणे एफसीची अकादमी घेतली होती, तोही २०१९ला मिटला आणि त्या जागी हैदराबादला नवा क्लब उभा राहिला. मुंबईला जावं, तर तिथला मुंबई एफसी २०१७लाच खालच्या पायरीवर घसरून गुंडाळला गेला होता.

म्हणजे पोर स्टेशनवर पिशवी घेऊन उभं आणि पुढे एकेक दुकान बंद होत चाललेलं. आमच्याकडे गिरण्या बंद व्हायलासुद्धा याहून जास्त वेळ लागला.

०००

पोर तेरा वर्षांचं झालं आणि करोना आला. मैदानाला कुलूप, लीगला टाळं. याचा दोष कुणाला देता येत नाही. पण तेराव्या आणि चौदाव्या वर्षी चेंडूशी जी ओळख होते ती पुढे वशिल्याने होत नाही. त्या वयात ते पोर गच्चीवर भिंतीशी वन-टू खेळत होतं. भिंत पास चांगला देते, फक्त ती जागा सोडून पळत नाही.

पंधरावं लागलं, २०२२ उजाडलं. जुलैत महासंघाचा कारभार बघणाऱ्या प्रशासक समितीने ‘इंडियन ॲरोज’ हा तरुण पोरांचा संघ बंद केला. कोवळ्या पोरांना देशाच्या मोठ्या लीगमध्ये खेळवणारा तो संघ होता. हरायचा बराच, पण खेळायचा. ऑगस्टमध्ये फिफाने भारताच्या महासंघालाच निलंबित केलं, कारण घरात तिसऱ्याची ढवळाढवळ चालली होती. महिना संपायच्या आत निलंबन उठलं. सप्टेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. कल्याण चौबे ३३, बायचुंग भुतिया १. भारतीय फुटबॉलमध्ये इतका एकतर्फी निकाल मैदानावर सहसा लागत नाही; आणि लागला तर आपल्या विरुद्ध लागतो.

नव्या कारभाऱ्यांनी जानेवारी २०२३मध्ये ‘व्हिजन २०४७’ जाहीर केलं. २०४७पर्यंत भारत आशियातल्या पहिल्या चारांत. आमचं पोर तेव्हा चाळिशीत असेल. त्याला खेळायचं नसेल, गुडघ्याला तेल लावायचं असेल. पण काळजी नको, तोवर त्याचं पोर पाचवीत असेल आणि त्याच्या शाळेत चेंडूवाटप चालू असेल.

०००

सोळाव्या वर्षी पोराच्या मनगटाचा एक्स-रे निघाला.

कारण असं, की पोरांच्या स्पर्धांत वय चोरणारे फार. दाखल्यावर पंधरा आणि दाढीला ब्लेड. म्हणून मनगटाच्या हाडांवरून वय ताडतात. फिफा तर सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत २००९पासून मनगटाचं एमआरआय करते. चांगलं आहे. चोरी पकडलीच पाहिजे, कारण एक मोठा घोडा लपून खेळला की एका खऱ्या लहान पोराची जागा जाते.

फक्त एक शंका. पोराने दोन वर्षं चोरली की त्याचं मनगट तपासता. व्यवस्थेने पोराची सहा वर्षं चोरली, तर तपासायचं काय? कुणाचं मनगट?

०००

आता एक सामना जवळून बघा. शालेय सुब्रतो करंडक. १९६०पासून चाललेली स्पर्धा, अंतिम सामना दिल्लीत, नाव मोठं. तिकडे जायची वाट शहर किंवा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, दिल्ली अशी. आणि ही वाट बाद पद्धतीची आहे. हरला तो घरी.

जुलैतली सकाळ. अक्कलकोटकडचा एक संघ पहिल्या एसटीने आलाय. सोळा पोरं, बुटांचे अकरा जोड. राखीव खेळाडू आत जायचा तर बाहेर येणाऱ्याचे बूट त्याला बसले पाहिजेत. त्यामुळे सरांनी बदली खेळाडू कौशल्यावर नाही, सात नंबर, आठ नंबर असे मापावर ठरवलेत. रात्री पाऊस झालेला, काळी माती तळव्याला धरून बसलेली. गोलपोस्ट आहे, जाळी नाही. सामना आठचा, उद्घाटन साडेनऊला, कारण पाहुणे दुसऱ्या उद्घाटनात अडकलेत. पाहुण्यांनी ‘खेळात हार-जीत महत्त्वाची नसते’ हे सांगायला पंचवीस मिनिटं घेतली. तेवढा एक हाफ नंतर कापला.

सामना शून्य-शून्य. मधे एक गोल झाल्यासारखा झाला, पण जाळी नसल्याने चेंडू पोस्टच्या आतून गेला की बाहेरून यावर दोन्ही सरांचं एकमत होईना. पंचांनी रस्त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या चहावाल्याकडे पाहिलं. तोही तटस्थ. मग टायब्रेकर. अक्कलकोटचा चौथा पोरगा घसरला, चेंडू पोस्टवरून गेला. संपलं. अकरा वाजता संघ एसटी स्टँडवर, हातात वडापाव. त्यांचा फुटबॉलचा हंगाम त्या सकाळी सुरू झाला आणि त्याच सकाळी संपला. आता पुढचा सामना पुढच्या जुलैत, तोवर अर्धी पोरं दहावी होऊन गेलेली असणार.

हिशोब सोपा आहे. बत्तीस संघांची बाद स्पर्धा घ्या. एकतीस सामन्यांत सगळं उरकतं. सोळा संघ एकच सामना खेळून घरी जातात, आणखी आठ दोन खेळून. म्हणजे बत्तीसातले चोवीस संघ वर्षाला फार तर दोन सामने खेळतात. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून आम्ही मोर्चे काढतो. पोरांना सामना वर्षाआड येतो, त्याचा मोर्चा कुणी काढत नाही.

आणि बाद पद्धत पोरांना शिकवते काय? चेंडू आला की लांब मार. जोखीम घेऊ नको. चुकलास तर वर्ष गेलं. ज्या वयात चुकायचं असतं त्या वयात एका चुकीला एक वर्ष असा दर लावल्यावर पोरं पास देणार कशाला? लीगमध्ये शनिवारी केलेली चूक पुढच्या शनिवारी दुरुस्त करता येते. फुटबॉल शिकणं म्हणतात ते एवढंच असतं.

तरी बाद स्पर्धा सगळ्यांना प्रिय. दोन दिवसांत उरकते, बक्षीस समारंभ लगेच होतो, प्रमाणपत्र मिळतं आणि प्रमाणपत्रावरून दहावीला क्रीडागुण. साहेबांना समारंभ, पालकांना गुण, शाळेला ढाल. खेळ तेवढा कुणाच्या वाट्याला येत नाही.

०००

जपानमध्येही शाळांची बाद स्पर्धा आहे. शंभर वर्षांहून जुनी, थंडीत भरते, सगळा देश टीव्हीला चिकटतो. तिच्यावर त्यांचं आपल्याहून जास्त प्रेम आहे. पण त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या जत्रेवर पोरं तयार होत नाहीत. म्हणून त्यांनी जत्रा ठेवली आणि शेजारी लीग उभी केली. २०११पासून अठरा वर्षांखालच्यांची ‘प्रिन्स ताकामादो’ प्रीमियर लीग आहे. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, आता प्रत्येकी बारा संघ, प्रत्येक संघाला वर्षाला बावीस सामने. त्याखाली प्रादेशिक लीग, त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांची. वर चढायचं, खाली उतरायचं. शाळेचा संघही त्यात, मोठ्या क्लबची पोरंही त्यात. कुणी कुणाची मान्यता विचारत नाही, गुणतक्ता बघतात.

म्हणजे जपानच्या या वरच्या लीगमधलं शाळकरी पोर एका वर्षात जेवढे सामने खेळतं, तेवढे आमच्या अक्कलकोटच्या पोराला खेळायचे तर त्याला बावीस वर्षं नववीत बसवावं लागेल.

आपल्याकडे मोठ्यांचीच गत काय आहे ते बघा. इंडियन सुपर लीगचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५मध्ये संपला. त्याआधी नव्या भागीदारासाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. सोलापुरात गटारीच्या कामालासुद्धा तीन ठेकेदार भांडतात. शेवटी क्रीडामंत्र्यांनी मधे पडून १४ फेब्रुवारी २०२६पासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. चौदा संघ, प्रत्येकाला तेरा सामने. आशियाई महासंघ मागतो चोवीस. आडातच नाही, तर पोरांच्या पोहऱ्यात कुठून येणार? जागतिक क्रमवारीत आपण २०२५च्या शेवटी १४०च्या पुढे गेलो. ‘पुढे’ हा शब्द इथे जपून वाचावा.

०००

आणि आता पोर अठरा वर्षांचं. १४ डिसेंबर २०२५. वानखेडेवर मेस्सी आला.

आदल्या दिवशी कोलकात्यात त्याच्या सत्तर फुटी पुतळ्याचं अनावरण झालं होतं. मेस्सी थोडक्यात निघून गेल्यावर तिथल्या स्टेडियमवर खुर्च्या आणि बाटल्या उडाल्या. मुंबईत सगळं शिस्तीत झालं. तिकिटं हजारोंत, तीही क्रिकेटच्या मैदानावर. सचिनने जर्सी दिली. मेस्सीने प्रेक्षकांत चेंडू मारले. मधेच सिनेमातल्या नटांचे सत्कार सुरू झाले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या संध्याकाळी फुटबॉलची खरी समज कुणी दाखवली असेल तर ती स्टँडमधल्यांनी.

त्याच कार्यक्रमात राज्य सरकारने ‘महादेवा’ प्रकल्प मिरवला. तेरा वर्षांखालची तीस मुलं, तीस मुली, शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण. त्या साठ जणांचं कल्याण होवो, मनापासून. पण महाराष्ट्रात जिल्हे छत्तीस. जिल्ह्यामागे दोन पोरंही येत नाहीत. एकट्या सोलापूर जिल्ह्यात तालुके अकरा आहेत. म्हणजे नऊ तालुक्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि तेही दोन जागा आपल्याला मिळाल्या तर.

२०१७ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते, २०२५लाही तेच होते. कारभारात एवढं सातत्य आहे, मग ते फिक्स्चरमध्ये का उतरत नाही? आणि क्रीडा खात्याचं म्हणाल, तर २०२५च्या जुलैत विधिमंडळात मोबाईलवर रमीचा डाव दिसल्याच्या वादानंतर माणिकराव कोकाटे यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं देण्यात आलं. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं होतं. आमच्या पोराचंही म्हणणं तेच आहे. तोही खेळत नव्हता. त्याला मात्र खातं मिळालं नाही.

त्याने मेस्सी मोबाईलवर बघितला. शेजारच्या पोराने विचारलं, “काय करलालास बे?” हा म्हणाला, “फुटबॉल.” दोन दिवसांत त्याची पोलीस भरतीची अकादमी सुरू झाली. तिथे सोळाशे मीटर पळवतात, आणि निदान रोज पळवतात.

०००

‘सोलापूर हे क्रिकेटचं गाव’ असं कुणी म्हणेल. खरंय. पॉली उम्रीगर इथले. पार्क स्टेडियमवर रणजी होते. २०२४च्या जानेवारीत महाराष्ट्राविरुद्ध मणिपूर आलं होतं. मणिपूर म्हणजे फुटबॉलचं आगर. २०१७च्या विश्वचषकातल्या एकवीस भारतीय पोरांत आठ मणिपूरची होती आणि भारताचा विश्वचषकातला पहिला गोलही मणिपूरच्या जीक्सन सिंगचा. ते राज्य आमच्याकडे आलं, क्रिकेट खेळलं, हरलं आणि परत गेलं. आम्ही जिंकल्याच्या टाळ्या वाजवल्या. माहेरी आलेल्या सुगरणीकडून धुणं धुऊन घ्यावं, तसा प्रकार.

त्याच २०१७च्या संघात महाराष्ट्राच्या मातीतला अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचा. कोल्हापूरच का? तिथे पेठेपेठेला तालीम मंडळाचा संघ आहे, शाहू स्टेडियमवर गर्दी आहे, हाणामाऱ्याही आहेत. पण पोराला लहानपणापासून दिसतं की फुटबॉल हा दर आठवड्याला असणारा प्रकार आहे. बाकीचं पुढे क्रीडा प्रबोधिनी बघून घेते.

०००

आता उपाय. सदर तिरकस असलं तरी एक परिच्छेद सरळ लिहायची मुभा असावी.

शहरातल्या दहा शाळा घ्या. प्रत्येकीने प्रत्येकीशी दोनदा खेळायचं. प्रत्येक संघाचे अठरा सामने, एकूण नव्वद. आठवड्याला पाच, शनिवारी दोन, रविवारी तीन, एकाच मैदानावर. दिवाळी, परीक्षा आणि गड्ड्याची जत्रा वगळून अठरा आठवडे. लागतं काय? जाळी असलेले दोन गोलपोस्ट, चार चेंडू, दोन-तीन पंच, त्यांचं मानधन, पाण्याचे जार आणि एक फळा, ज्यावर गुणतक्ता लिहायचा. मग मुलींची दहा. मग पंढरपूर, बार्शी, अकलूजची. वरचे चार संघ पुण्याच्या वरच्या चारांशी. राष्ट्रीय युवा लीग ही अशी खालून वर वाढत जाते. वरून खाली फक्त परिपत्रकं येतात.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येईलच. एका भव्य उद्घाटनाचा मांडव, एलईडी पडदा, हार, फेटे आणि ड्रोनचं बिल मागवून बघा. नव्वद सामने होऊन वर वडापाव उरतील.

सोलापूरकराला हे पटायला जड जाऊ नये. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी या गावात सत्तर फुटी एकच काही उभं केलं नाही. गावभर अडुसष्ट लिंगं स्थापली. कुठल्याही पेठेतला माणूस घरातून निघाला की चालत पोचेल अशी. संक्रांतीला नंदीध्वज निघतात ते या सगळ्यांना फिरून येतात, शतकानुशतकं, ठरल्या तिथीला. त्यासाठी निविदा निघत नाही, करार संपत नाही, फिफाचं निलंबन येत नाही. ‘महादेवा’चं नाव घेऊन योजना काढणाऱ्यांनी एकदा आमच्या गावात येऊन हे बघून जावं.

तर मागणी एवढीच. पुतळा नको, मिशन नको, व्हिजनही सध्या राहू द्या. एक कागद द्या. डावीकडे तारीख, मधे दोन शाळांची नावं, उजवीकडे वेळ. अशा नव्वद ओळी. तो पार्क स्टेडियमच्या फाटकावर चिकटवा आणि त्यावर लिहिलेल्या वेळेला शिट्टी वाजवा. शुभारंभाला कुठले साहेब येणार ते बिनधास्त तुम्ही ठरवा. हार आम्ही आणतो, फोटो आम्ही काढतो. भाषण मात्र सामना संपल्यावर.